रहस्याचे देणे

रहस्यकथा हा एक करार असतो. लेखक प्रश्न उभा करतो, वाचक आपला वेळ देतो आणि शेवटी उत्तर देणे लेखकास बंधनकारक ठरते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. हातातले पुस्तक संपले की कोडेही सुटत असे. १९९३ साली दूरदर्शनवर आलेला बासू चॅटर्जींचा ब्योमकेश बक्षीही एक-दोन भागांत गुन्हेगार समोर उभा करी.

आता २०१६ सालची झी मराठीवरील 'रात्रीस खेळ चाले' पाहा. अण्णा नाईकांचा मृत्यू, कोकणातला वाडा, एकमेकांवर संशय घेणारे भाऊबंद, मालवणी बोलीचा ठसका. आरंभी आम्हीही खिळून बसलो. परंतु दैनंदिन मालिकेचे पोट उत्तर लांबविण्यावरच भरते. दार करकरते, चेहरे दचकतात, जाहिराती येतात. आणि दुसऱ्या दिवशी दारात घरचेच माणूस निघते! यास आम्ही टोलवाटोलवी म्हणतो.

२०१९ च्या दुसऱ्या पर्वात तर अण्णांचा अंत प्रेक्षकांस आधीच ठाऊक होता. तरीही अण्णा आणि शेवंता घरोघरी पोहोचले. माणसाचे मन उलगडत असेल, तर प्रेक्षक आपणहून थांबतो.

करमणुकीसाठी एवढा त्रागा कशाला, असे कोणी म्हणेल. आमच्या बुऱ्हाणपुरात शाळा हिंदी, बाजार हिंदी. अनेक घरांत मालिकेचा अर्धा तास हीच नातवंडांच्या कानी पडणारी घराबाहेरची मराठी. तीही फसवू लागली, तर ती मुले पुन्हा मराठी वाहिनीकडे वळणार नाहीत. म्हणून मालिकाकारांनी भागांची संख्या आधी ठरवावी, मगच रहस्य मांडावे. आणि मांडलेले सोडवावे.