‘फॉर्म’ : शब्द एक, वाद अनेक

मराठी समीक्षेतील कित्येक वाद मतभेदातून नव्हे, तर एका परक्या शब्दाच्या अनेकार्थतेतून जन्मलेले आहेत. तो शब्द म्हणजे ‘फॉर्म’. रूप, आकार, घाट, आकृतिबंध, रूपबंध, रचनाबंध असे अर्धा डझन प्रतिशब्द आपण त्याच्यासाठी योजले. परंतु मूळ शब्दाच्या कोणत्या अर्थासाठी कोणता प्रतिशब्द, हे ठरविण्याचे कष्ट फारसे घेतले नाहीत. परिणामी एकाने एका अर्थाने केलेले विधान दुसऱ्याने भलत्याच अर्थाने खोडून काढावे, असा प्रकार वर्षानुवर्षे चालू आहे.

वस्तुतः हा शब्द इंग्रजीतही सरळ नाही. कचेरीत भरावयाचा कागद म्हणजे फॉर्म, शाळेतील इयत्ता किंवा बाक म्हणजे फॉर्म, सशाची गवतातील बसण्याची जागा म्हणजे फॉर्म, आणि शिष्टसंमत वागणूक म्हणजे ‘गुड फॉर्म’. यातले काही अर्थ आपण मुकाट्याने घरात घेतले. आपण फॉर्म भरतो, फलंदाज फॉर्मात असल्याचे सांगतो, आणि छापखान्यातील फर्मा हाही याच कुळातला. मूळ लॅटिन ‘फोर्मा’ या शब्दालाच आकृती, साचा आणि सौंदर्य असे तिन्ही अर्थ होते. व्यवहारात याने काही बिघडत नाही, कारण संदर्भ अर्थ निश्चित करतो. समीक्षेत मात्र संदर्भ एकच असतो आणि अर्थ बदलत राहतो. धोका आहे तो तेथेच.

समीक्षेत या शब्दाचे किमान चार अर्थ वावरतात. पहिला, परंपरेने सिद्ध झालेला रचनाप्रकार : सुनीत, अभंग, गझल. दुसरा, एखाद्या विशिष्ट कृतीच्या घटकांची परस्परांत झालेली गुंफण. तिसरा, आशयावर चढविलेला बाह्य पेहराव. चौथा अर्थ ॲरिस्टॉटलचा : ज्याच्यामुळे एखादी वस्तू ती वस्तू ठरते, ते अंतस्थ तत्त्व. तिसरा आणि चौथा अर्थ एकमेकांच्या थेट विरोधी आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. एकात फॉर्म म्हणजे वरचे साल, तर दुसऱ्यात तो वस्तूचा गाभाच. क्लाइव्ह बेल यांनी 1914 मध्ये ‘आर्ट’ या ग्रंथात ‘सिग्निफिकंट फॉर्म’ची कल्पना मांडली ती प्रामुख्याने चित्रकलेतील रेषा व रंग यांच्या संबंधांविषयी, शब्दांच्या कलेला ती जशीच्या तशी लावताना आपण क्वचितच अडखळलो.

या गोंधळाची किंमत बा. सी. मर्ढेकर यांना मोजावी लागली. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (1955) या ग्रंथातील त्यांचे लयतत्त्व संवाद, विरोध आणि समतोल या नियमांनी होणाऱ्या संघटनेविषयी आहे, आणि साहित्यात ही संघटना भावनात्मक अर्थांची असते. हा उघडउघड दुसरा अर्थ होय. त्यांच्यावर ‘रूपवादी’ असा शिक्का मारताना मात्र अनेकांच्या मनात तिसरा अर्थ होता : आशयाकडे पाठ फिरवून पेहरावात रमणारा. मर्ढेकरांच्या सिद्धान्तावर गंभीर आक्षेप घेता येतात. परंतु हा आक्षेप त्यांच्या सिद्धान्ताला लागतच नाही.

याहून मोठा अन्याय दलित साहित्यावर झाला. ‘आशय जबरदस्त, पण घाट नाही’ हे वाक्य सहानुभूतीच्या स्वरात किती वेळा उच्चारले गेले! दया पवार यांचे ‘बलुतं’ (1978) पाहावे. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि शिकलेला दया पवार ती ऐकतो. एकाच माणसाच्या या दोन व्यक्तित्वांतील अंतर हाच त्या कथनाचा कणा आहे. दुसऱ्या अर्थाने पाहिले तर हा घाट नव्हे तर काय? प्रस्थापित आत्मचरित्राच्या साच्यात ही कृती बसत नाही, एवढेच म्हणणे खरे होते. परंतु पहिल्या अर्थाचे हे साधे निरीक्षण दुसऱ्या अर्थाचा दोष म्हणून नोंदविले गेले. शब्दाची हातचलाखी अशी मूल्यनिर्णयापर्यंत पोचते.

यावर उपाय म्हणून एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी प्रतिशब्द मुक्रर करावा, असे परिभाषावादी सांगतात. प्रशासनाला अशा नेमकेपणाची गरज असते, हे मान्य. पण तेथे तरी काय घडले? महसुली दप्तरात फॉर्म ‘नमुना’ झाला. सातबाराचा उतारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. उलट समीक्षकांना प्रिय असलेला ‘आकृतिबंध’ हा शब्द सरकारी कचेरीत मंजूर पदांच्या रचनेला लावला जातो. भाषा अर्थागणिक शब्द निवडते, शब्दागणिक नव्हे.

तेव्हा हवी आहे ती फोड. पहिल्या अर्थासाठी ‘रचनाप्रकार’, तिसऱ्यासाठी ‘बाह्यरूप’, चौथ्यासाठी ‘रूपतत्त्व’ म्हणावे. दुसऱ्या अर्थासाठी ‘घाट’ हा शब्द राखून ठेवावा. भांड्याचा किंवा दागिन्याचा घाट धातूपासून सोलून वेगळा काढता येत नाही, हे हा शब्द वापरणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. विद्यार्थ्यांनीही यापुढे एखाद्या कृतीला ‘फॉर्म नाही’ असे वाचले, की कोणत्या अर्थाने नाही, हे आधी विचारावे. उत्तर मिळेपर्यंत तो निर्णय मान्य करण्याचे कारण नाही.