फोटो कोणाचा? काढणाऱ्याचा की फोटोतल्याचा?

मोबाईलवर मिनिटाला पन्नास फोटो निघण्याच्या काळात काही फोटोग्राफर पुन्हा लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याकडे वळले आहेत. ट्रायपॉडवर पेटी, पुढे भाता, डोक्यावर काळं कापड. काचेवर माणूस उलटा दिसतो. फोकस हाताने जुळवायचा, मग 4 बाय 5 इंचांची एक फिल्म सरकवायची. एक फिल्म, एक फोटो.

आपल्यातले अनेक जण म्हणतील, ही पोट भरलेल्यांची हौस. ते बरंचसं खरं आहे. एकेक फिल्म महाग, धुणं-स्कॅनिंगचा खर्च वेगळा. या कॅमेऱ्याचे चाहते सांगतात की या फिल्मचं क्षेत्रफळ 35 मिमीच्या फ्रेमच्या सुमारे 15 पट असतं, म्हणून बारकावे जबरदस्त येतात. मला हे कारण पुरेसं वाटत नाही. बारकावे कोणाचे टिपले आणि कोणासाठी, हा खरा प्रश्न आहे.

कारण मोठ्या कॅमेऱ्याचा इतिहास निष्पाप नाही. 1868 ते 1875 या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढले. त्यात आपल्या देशातली माणसं जाती-जमातींचे नमुने म्हणून मांडली आहेत. माणूस समोर बसलेला, पण ओळख मात्र जातीची. अमेरिकेत एडवर्ड कर्टिसने 1907 ते 1930 मध्ये मूलनिवासींवर वीस खंड छापले. एका फोटोत दोन माणसांच्या मधे घड्याळ होतं. छापताना ते पुसून टाकलं. आदिवासी आधुनिक दिसता कामा नये! तपशील टिपणारा कॅमेरा होता, पण कोणता तपशील ठेवायचा हे ठरवण्याची सत्ता दुसऱ्याच्या हातात होती.

मग परत का जायचं? याचं उत्तर मला दोन फोटोग्राफरांच्या कामात सापडतं.

डाऊद बे हा कृष्णवर्णीय फोटोग्राफर 1970च्या दशकात हार्लेममध्ये 35 मिमी कॅमेऱ्याने फोटो काढायचा. 1988 मध्ये त्याने रस्त्यावर ट्रायपॉड आणि 4 बाय 5चा कॅमेरा आणला. असा कॅमेरा लपवता येत नाही, चोरून फोटो काढता येत नाही. समोरच्याला विचारावंच लागतं. त्याची पोलरॉइड फिल्म प्रिंट आणि निगेटिव्ह दोन्ही द्यायची. प्रिंट तिथल्या तिथे त्या माणसाला, निगेटिव्ह फोटोग्राफरकडे.

दुसरा विल विल्सन, नावाहो समाजाचा. 2012 पासून तो फिल्मच्याही मागे जाऊन, मोठ्या कॅमेऱ्यात रसायन लावलेला ओला पत्रा घालून फोटो काढतो. मूळ पत्रा फोटोतल्या माणसाला देतो, स्वतःकडे डिजिटल स्कॅन ठेवतो. कर्टिसला दिलेलं हे उत्तर आहे, तेही कर्टिसच्याच जातकुळीच्या कॅमेऱ्याने. जुनं तंत्र आणि डिजिटल यांत इथे भांडण नाही. बदलला आहे तो व्यवहार.

आता माझीच गोष्ट. वस्तीत काम करताना अहवालासाठी मी शेकडो फोटो काढले. एकदा एका मावशींनी विचारलं, "बाई, मागच्या वर्षी तुम्ही माझा फोटो काढला होता, तो कुठं गेला?" तो अहवालाच्या चौथ्या पानावर होता, खाली 'लाभार्थी महिला' असं लिहून. मावशींचं नाव मला माहीत होतं, तरी मी लिहिलं नव्हतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या खंडांपेक्षा मी काय वेगळं केलं?

म्हणून ज्यांना परवडेल, त्यांनी मोठा कॅमेरा जरूर शिकावा. पण तो नसला तरी त्याची शिस्त मोबाईललाही लावता येते. आधी विचारा. समोरच्याला हवं तसं उभं राहू द्या. नाव विचारून लिहा. छापलेली एक प्रत त्याच्या हातात द्या. एवढं न करता कोणी लाखाचा कॅमेरा घेऊन वस्तीत आला, तर तो जुन्या साहेबाचा वारस आहे, एवढंच समजा.

मावशींना मी तो फोटो छापून नेऊन दिला. त्या म्हणाल्या, "यात माझा पदर नीट नाही. दुसरा काढ." दुसरा काढला. या वेळी कधी काढायचा, ते त्यांनी सांगितलं.