पदव्युत्तर विद्यार्थी व शरीरप्रकृति

पदवी पदरीं पडेपर्यंत शरीर थांबून राहील, अशी आमच्या शाळेंतून एम्. ए. पर्यंत गेलेल्या कित्येकांची समजूत दिसते. मध्यरात्रीपर्यंत जागरण, जागरणास चहा, चहाबरोबर भजीं. आणि सुटींत घरीं येतांच ‘पोर वाळलें’ म्हणून मातोश्रींचे तुपाचे लाडू! पोराचा सदरा तर पोटावर तंग झालेला असतो. १८८८ ते १८९१ या काळांत लंडनमध्यें कायदा शिकतांना गांधीजी गाडीभाडें वांचवून रोज आठ-दहा मैल चालत. त्यामुळेंच आपण फारसे आजारी पडलों नाहीं, असें त्यांनीं आत्मचरित्रांत लिहिलें आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम व्यायाम सुचविते. भरभर चालणें त्यांतच येतें. तेवढ्यानें प्रबंध अडतो, हें आम्हांस पटत नाहीं. लाडू मात्र पालकांनीं यंदा निम्मेच वळावे.