वाऱ्याने आणलेली माणसे

'मान्सून' हा शब्द अरबी 'मौसिम'वरून आला. मौसिम म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. अरबी समुद्रावर हिवाळ्यात वारे ईशान्येकडून वाहतात, उन्हाळा सरताना ते फिरून नैर्ऋत्येकडून येऊ लागतात. शिडाची जहाजे याच वेळापत्रकावर चालत. दिवाळीनंतर आपल्या किनाऱ्यावरून निघायचे, अरबस्तान गाठायचे आणि वारा फिरला की परतायचे. ऐन पावसाळ्यात समुद्र बंद.

वारा पाठीमागूनच हवा असे नाही. अरबी जहाजांचे तिरके शीड बाजूचा वाराही पकडते. वारा जहाजाला आडवे ढकलू पाहतो, पण पाण्यात बुडालेला लांबट तळ त्याला आडवे सरकू देत नाही. मग उरलेला जोर जहाजाला पुढे नेतो. मात्र समोरून येणाऱ्या वाऱ्यात थेट शिरता येत नाही. म्हणून मौसिम चुकला की परक्या बंदरात महिनोन्‌महिने मुक्काम पडे.

या मुक्कामांतूनच वस्त्या झाल्या, सोयरिकी झाल्या. इ.स. ९१६ मध्ये अल-मसूदी चौलला आला, तेव्हा तिथे सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले. त्यांत इथेच जन्मलेलेही होते. राज्य शिलाहार झंझाचे होते. डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेल्या इ.स. ९२६ च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांचा 'मधुमती' नावाचा अधिकारी भेटतो. मधुमती म्हणजे मुहम्मद. त्याने लोकांसाठी मोफत नावा ठेवल्या, अन्नछत्र चालवले आणि देवीच्या मठाला दान देण्यास संमती दिली.

'मुसलमान इथे तलवार घेऊनच आले' असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा ताम्रपट वाचावा. इतिहासात स्वाऱ्या झाल्या, ते कोण नाकारतो? पण कोकणच्या बंदरांत त्याआधी व्यापारी आले, तेही इथल्या राजांच्या राजीखुशीने.

चार शब्द आपल्या माणसांनाही. 'आमचे खानदान थेट अरबस्तानातले' असे मिरवणारे आपल्यात कमी नाहीत. पण मुक्कामाला थांबलेल्या खलाशाचे घर इथल्याच कुणा बाईने मांडले. तिची भाषा आपण बोलतो, तिच्या हातची चव आपल्या ताटात आहे. बापाचा शजरा जपायचा आणि आईचे नावही घ्यायचे नाही, हा कुठला न्याय?

कुरआनात समुद्रातल्या जहाजांचा उल्लेख अल्लाहची निशाणी म्हणून वारंवार येतो. ते वारे कोणा एका जमातीचे नव्हते. ज्याला शीड बांधता आले, त्या प्रत्येकाचे होते.