भाड्याची भिंत की मालकीचा माइक?

एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत जयंतीच्या बैठका सुरू होतात. वर्गणीच्या हिशोबात सर्वात मोठा आकडा बहुतेक ठिकाणी डीजेचा असतो. बेस किती, टॉप किती, लाइट कोणती, यावर रात्री जागतात. मिरवणूक संपते, ट्रक निघून जातो आणि वस्तीकडे मोबाईलमधल्या व्हिडिओंशिवाय काही उरत नाही.

मी डीजेच्या विरोधात लिहीत नाही. वर्षभर दुसऱ्याच्या मर्जीने चालणारा माणूस एक दिवस रस्त्यावर आपल्या बापाच्या नावाने नाचतो, तेव्हा त्याला संस्कृती शिकवायला येणाऱ्यांची मला घाई समजत नाही. माझा प्रश्न मालकीचा आहे. गाणे आपले, गळा आपला, गर्दी आपली. मग साधन कोणाचे? आणि ध्वनिमुद्रण कोणाचे?

आंबेडकरी जलशांकडे बघा. भीमराव कर्डकांच्या पिढीने गावोगाव जलसे नेले ते ढोलकी, डफ, तुणतुणे आणि झांज यांच्या जोरावर. साधी वाद्ये, पण ती त्यांच्या हातातली होती. पुढे कॅसेट आली. भीमगीते घराघरांत पोहोचली हे तिचे उपकार, पण स्टुडिओ आणि कंपनी गायकाच्या हाती नव्हती. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी हजारो गाणी लिहिली; त्या मानाने त्यांच्या स्वतःच्या आवाजातले मुद्रण किती थोडे आहे!

इथे कायदा समजून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. गाणारा नव्हे, लिहिणाराही नव्हे. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, पण मुद्रणाचा हक्क ते काढून घेणाऱ्याकडे जातो आणि प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चालतो. पोरगा हजार-दोन हजारांवर खूश होऊन सही करून येतो, तेव्हा नातवाच्या वयापर्यंतचा हक्क देऊन येतो. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या माइकवर केलेल्या मुद्रणाचा निर्माता तो स्वतः असतो. म्हणून स्वस्त साधनांचा विषय मला हौसेचा वाटत नाही, राजकीय वाटतो.

स्वस्त साधनातून मोठे काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्कचे ब्राँक्स आठवावे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या एका इमारतीच्या हॉलमध्ये कूल हर्क या जमैकन वंशाच्या तरुणाने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून गाण्यातला तालाचा तुकडा लांबवायचा, ही त्याची युक्ती. हिपहॉपची सुरुवात तिथून मोजतात. रोलँड कंपनीचे ८०८ हे तालयंत्र १९८० मध्ये आले, खपले नाही, १९८३ मध्ये बंद झाले. सेकंडहँड बाजारात ते स्वस्तात मिळू लागले आणि काळ्या तरुणांनी त्यातून नवे संगीत उभे केले. १९७२ मध्ये दलित पँथरने ब्लॅक पँथरकडून नाव घेतले. आज त्या समाजाकडून ही रीतही घ्यावी.

आता खरेदीचा क्रम. बहुतेक पोरे कंट्रोलरपासून सुरुवात करतात, कारण तो दिसतो. सुरुवात हेडफोनपासून करा. कानात जे चुकीचे ऐकू येते, ते दुरुस्त करता येत नाही. बेस फुगवणारे ब्लूटूथ हेडफोन नकोत. वायरचे, कान झाकणारे, स्टुडिओसाठी बनवलेले साधे हेडफोन घ्या.

दुसरे, माइक. कंडेन्सर माइक छान दिसतो, पण त्याला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही, पत्र्यावरचा पाऊस सगळे टिपतो. दहा बाय दहाच्या खोलीत डायनॅमिक माइक बरा. तो तोंडाजवळचा आवाज मुख्यतः घेतो. पंखा बंद करा, मागे गोधड्या टांगा, भिंतीपासून थोडे पुढे उभे राहा. याला खर्च नाही.

तिसरे, ऑडिओ इंटरफेस. माइक लॅपटॉपला जोडणारी ही छोटी पेटी. विंडोज असेल तर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का ते आधी विचारा. नसेल तर गाताना आवाज उशिरा कानात येण्याचा त्रास होऊ शकतो. लॅपटॉप जुना चालेल, फक्त ८ जीबी रॅम आणि एसएसडी असावी. लॅपटॉप हाताशी असेल तर हेडफोन, माइक, इंटरफेस, स्टँड आणि केबल मिळून साधारण १५ ते २० हजारांत काम सुरू होते. एका मंडळाच्या एका रात्रीच्या भाड्याशी हा आकडा ताडून बघा.

सॉफ्टवेअरवर आपली पोरे उगाच अडतात. बहुतेकांकडे एफएल स्टुडिओची चोरीची प्रत असते. त्या प्रतीबरोबर व्हायरस येतो, हार्ड डिस्क जाते आणि सहा महिन्यांची मेहनत बुडते. अधिकृत चाचणी प्रतीत साठवलेला प्रोजेक्ट विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही, आणि तिच्या सर्वात स्वस्त ‘फ्रूटी’ आवृत्तीत गळा रेकॉर्ड करता येत नाही, हे घेण्याआधी माहीत असू द्या. रीपर ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून बघता येते. नंतर व्यक्तीसाठीचा परवाना ६० डॉलरचा आहे. बीट बनवायला एलएमएमएस आणि आवाज कापायला ऑडॅसिटी फुकट आहेत. फोनच असेल तर बँडलॅबवर सुरुवात करा.

डीजेगिरी शिकायची असेल तर मिक्स हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते. कंट्रोलर नसतानाही कीबोर्ड आणि माऊसवर दोन गाण्यांचा ताल जुळवण्याचा सराव होतो. तीन महिने हे करून हात बसला, तरच कंट्रोलर घ्या, तोही शक्यतो सेकंडहँड. घेताना प्रत्येक फेडर आणि जॉगव्हील स्वतः फिरवून बघा.

एक आक्षेप येईल: शिक्षण आणि नोकरीचे प्रश्न पेटलेले असताना हे काय? पण गाण्यातून शिकलेला समाज आहे आपला. ज्या आयांना शाळा मिळाली नाही, त्यांना बाबासाहेब गाण्यांतून कळले. त्या आया आज खूप म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांच्या ओव्या, पाळणे, १४ ऑक्टोबर १९५६ च्या आठवणी त्यांच्याबरोबर जात आहेत. कोणतीही कंपनी त्यांच्या दारात माइक घेऊन येणार नाही.

म्हणून या जयंतीच्या बैठकीत एक ठराव मांडा. डीजेच्या बजेटमधून दोन बेस कमी करा आणि त्या पैशांत विहारात ध्वनिमुद्रणाचा कोपरा उभारा. किल्ली एका मुलाकडे आणि एका मुलीकडे द्या, नोंदवही ठेवा, मुद्रण दोन डिस्कवर जपा. पहिले मुद्रण वस्तीतल्या सर्वात वृद्ध गाणाऱ्या बाईचे करा. गाणे कोणी विकत मागितले तर सही लेखी कराराशिवाय नको. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने हस्तांतरण पाच वर्षांचेच धरले जाते, हेही त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

जयभीम!