हैदराबाद भारतात आले, भूमिहीनाला काय मिळाले?

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होते. १९४८ साली याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद राज्यात भारताचे संविधान लागू झाले. पण गावकुसाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला काय आले?

निजामाची बाजू घेऊ नका, असे बाबासाहेबांनी तिथल्या अस्पृश्य समाजाला नोव्हेंबर १९४७ मध्येच बजावले होते. भारतात येण्याला अर्थ यायचा, तर मताच्या हक्काबरोबर पोटापुरती जमीनही हवी होती.

आमच्या रायगडातील गागोदे बुद्रुक येथे जन्मलेले विनोबा भावे एप्रिल १९५१ मध्ये याच राज्यातील तेलंगणात गेले. तिथे शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा अजून धुमसत होता. पोचमपल्लीच्या दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. एका जमीनदाराने १०० एकर देऊ केली. भूदान चळवळ तिथून सुरू झाली. इतिहासात दात्याचे नाव राहिले, मागणाऱ्यांचे नाही.

दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हक्क मात्र मागता येतो, असे आम्ही मानतो. म्हणूनच दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले.

आजही गायरान कसणाऱ्यांना अतिक्रमणाच्या नोटिसा येतात. कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील अशा कुटुंबांची यादी करावी, तलाठ्याकडील नोंदी तपासाव्यात. येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर ती यादी घेऊनच तहसील गाठू.

जय भीम!