पायाखालचे दगड आणि आपली मुले

आपल्या पूर्वजांनी या बेटावर जी कष्टाची कामे केली, त्यांत दगड वेचण्याचे काम मोठे होते. उसाच्या शेतांतून उचललेल्या काळ्या दगडांच्या राशी अजूनही ठिकठिकाणी उभ्या दिसतात. ते दगड उचलता उचलता कित्येकांच्या पाठी वाकल्या. पण या बेटाच्या दगडांत काय दडले आहे, हे जगाला सांगितले ते परक्या देशांतील विद्यापीठांच्या भूशास्त्र विभागांनी. याचा आनंद मानावा की खंत, हा प्रश्न वाचकांपुढे ठेवण्यासाठी आजचा हा लेख.

मॉरिशस ज्वालामुखीतून जन्मले, हे शाळेतले प्रत्येक मूल जाणते. क्यूरपीपचे ट्रू ओ सेर हे अशाच एका ज्वालामुखीचे मुख. ज्या गंगा तलावावर आपण महाशिवरात्रीला भक्तिभावाने जातो, त्याचे पाणीही जुन्या ज्वालामुखीच्या मुखातच साठलेले आहे. बेटावरचे सर्वांत जुने खडक सुमारे ९० लाख वर्षांचे. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण पृथ्वीच्या वयापुढे आपले बेट म्हणजे कालचे पोर!

असे असताना २०१३ साली एक नवल घडले. नॉर्वेतील ओस्लो विद्यापीठाचे ट्रॉन्ड टॉर्स्विक व त्यांचे सहकारी यांना आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत झिरकॉन या खनिजाचे बारीक कण सापडले. त्यांचे वय निघाले ६६ कोटी ते १९७ कोटी वर्षे. नातवाच्या नव्या घरात खापरपणजोबांची पेटी सापडावी, तसाच हा प्रकार. साहजिकच शंका निघाल्या. वाळूच ती, हे कण वाऱ्याने आले नसतील कशावरून? कोणाच्या बुटांना चिकटून आले नसतील कशावरून?

या शंकांना उत्तर मिळाले २०१७ साली. जोहान्सबर्गच्या विटवाटर्सरँड विद्यापीठातील भूशास्त्राचे प्राध्यापक लुईस ॲशवाल यांनी टॉर्स्विक आणि जर्मनीतील पॉट्सडॅमचे मायकेल वीडेनबेक यांच्यासह या वेळी वाळू सोडून खडकच तपासला. ट्रॅकाइट नावाचा हा आपल्या बेटावरचा खडक सुमारे ५७ लाख वर्षांपूर्वीचा. पण त्याच्या पोटातले काही झिरकॉनचे कण होते २५० ते ३०० कोटी वर्षांचे. खडकाच्या आत वारा शिरत नाही आणि बूटही पोचत नाही. निष्कर्ष असा की, आपल्या बेटाखाली एका प्राचीन भूखंडाचा तुकडा गाडलेला आहे. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून दूर झाले, तेव्हा तो मध्येच राहिला आणि पुढे लाव्ह्याखाली झाकला गेला. शास्त्रज्ञांनी त्याला मॉरिशिया हे नाव दिले आहे.

एवढ्याशा कणाचे वय कळते तरी कसे? झिरकॉन घडताना त्यात थोडे युरेनियम शिरते, पण शिशाला तो जवळजवळ थारा देत नाही. युरेनियमचे मात्र अतिशय संथ गतीने शिशात रूपांतर होत असते. म्हणून कणात आज युरेनियम किती उरले आणि शिसे किती जमले, हे मोजले की वय निघते. जणू निसर्गाने स्वतःच ठेवलेली जन्मनोंद.

आपल्या दृष्टीने या शास्त्रात आणखी एक गोडवा आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो लाव्हा भूगर्भातील ज्या तप्त उगमातून आला, त्यानेच पुढे मालदीव, चागोस, मॉरिशस आणि रेयुनियाँ ही रांग घडवली, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. चूल जवळजवळ जागची हलली नाही, वरचा तवा सरकत गेला. आज रेयुनियाँचा ज्वालामुखी धगधगतो, तो याच चुलीवर. म्हणजे आपले पूर्वज जहाजातून उतरले आणि ज्या दगडाला त्यांनी हात घातला, तो त्यांच्या गावाकडच्या कातळाचाच धाकटा भाऊ होता. त्यांना हे कोणी सांगितले नाही. आपल्या मुलांना तरी आपण सांगतो का?

बाहेरच्या विद्वानांनी हे काम केले, याबद्दल माझी तक्रार नाही. विद्येला पासपोर्ट लागत नाही. त्यांचे आपण आभारच मानले पाहिजेत. शिवाय एक शिक्षक म्हणून या कथेतील शंकेचा भाग मला फार मोलाचा वाटतो. शंका निघाली म्हणून कोणी रागावले नाही. अधिक चांगला पुरावा शोधला गेला. चांगल्या भूशास्त्र विभागात प्राध्यापक आणि विद्यार्थी हेच करतात. बरोबर हिंडतात, नमुने गोळा करतात, प्रत्येकाची जागा वहीत टिपतात, खडक फोडतात, सूक्ष्मदर्शकाखाली कण निवडतात आणि एकमेकांचे निष्कर्ष तपासून पाहतात. परीक्षेपुरते उत्तर पाठ करणाऱ्या आपल्या मुलांना याच शिक्षणाची गरज आहे.

खंत वेगळीच आहे. आपल्या घरांत मुलगा हुशार निघाला की डॉक्टर, वकील किंवा हिशेबतज्ज्ञ एवढेच रस्ते दाखवले जातात. लॉरिएट होऊन परदेशी जाणाऱ्या मुलाने भूशास्त्र घेतो म्हटले, तर आईवडील पहिला प्रश्न विचारतील, "त्यात नोकरी कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर देतो. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग याच सच्छिद्र खडकांत साठलेला असतो. विहीर कुठे खणावी आणि पाणी किती उपसावे, हे भूशास्त्राशिवाय कळत नाही. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईत अचानक पूर आला आणि ११ माणसे दगावली; पाणी कोणत्या उतारावरून धावते आणि कुठे मुरते, हे जाणणारी माणसे हवीत. आणि समुद्र? मॉरिशस व सेशेल्स यांना मास्कारीन पठारावरील सुमारे ३,९६,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ संयुक्तपणे मिळाला आणि २०१२ साली दोन्ही देशांनी त्यासाठी करार केले. आपले मुख्य बेट जेमतेम १,८६५ चौरस किलोमीटरचे! एवढ्या मोठ्या तळाची पाहणी कोण करणार? दर वेळी बाहेरून माणसे बोलावणार का?

वेळही फार नाही. जुनी उसाची शेते जात आहेत, त्यांच्या जागी बंगले उठत आहेत आणि दगड खडीयंत्रात जात आहेत. आजचा उघडा खडक उद्या भिंतीखाली जाईल.

म्हणून दोन सूचना करतो. शिक्षकबंधुभगिनींनी वर्षातून एकदा तरी मुलांना नदीच्या पात्रात किंवा डोंगराच्या कापावर न्यावे आणि दगड हातात घेऊन पाहायला लावावे. त्याला खर्च नाही. आणि आपल्या गावोगावच्या मंडळ्यांनी गणेशोत्सवात भजन आणि झाकरीबरोबर एक बक्षीस आपल्या परिसराच्या अभ्यासासाठीही ठेवावे. गणपतीची मूर्ती आपण मातीची करतो. त्या मातीची ओळख करून घेणे हीसुद्धा विद्येच्या देवतेची पूजाच आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे आपल्याकडे म्हणतात. कळसा कुठे आहे, हे परक्यांनी दाखवून दिले. आता तो उचलायला आपली मुले पुढे आली पाहिजेत, आणि त्यांना पुढे जाऊ देणे हे आपल्या हाती आहे.